हसायला सोबत लागते

हसण्याने प्रकृती सुधारते, असे हल्ली सर्वत्र सांगितले जाते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून डॉक्टर मंडळी तसे लिहितात आणि मोठ्या शहरांतील बागांतून सकाळी जमणारे ज्येष्ठ नागरिक हात उंचावून ते आचरणात आणतात. ऐकणाऱ्याला वाटावे, की हा कुणा पाश्चात्त्य संशोधकाने नुकताच लावलेला शोध आहे. वस्तुतः हास्य आणि वार्धक्य यांची गाठ पवित्र शास्त्राच्या पहिल्याच ग्रंथात पडलेली आहे.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात नव्वदीला टेकलेली सारा तंबूच्या दाराआड उभी आहे. आलेले पाहुणे अब्राहामाला पुत्रलाभाची वार्ता देत आहेत. ती वार्ता ऐकून सारा मनातल्या मनात हसली आणि विचारणा होताच भिऊन नाकबूल झाली. हे तिचे पहिले हसू होते. ते एकटीचे होते, लपवलेले होते, आयुष्याकडून आता काही मिळायचे नाही असे मानणाऱ्या माणसाचे होते. पुढे मूल जन्मले. त्याचे नाव इसहाक ठेवले. त्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. तेव्हा सारा पुन्हा हसली, आणि या वेळी आपल्याबरोबर ऐकणारे सारेच हसतील असे तिने उघडपणे म्हटले. म्हातारपणीच्या हसण्याचे हे दोन प्रकार आहेत. एक एकट्याचे व दुसरे सोबतीचे.

प्रस्तुत लेखात आम्हांला या भेदाचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि तोही बीड जिल्हा व त्याच्या शेजारचा मुलूख यांच्या इतिहासातून. बीड म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ, बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर आणि ऊसतोडीला निघालेल्या गाड्या येतात. अशा जिल्ह्यासंबंधी लिहिताना हास्याचा विषय काढणे कुणाला अप्रस्तुत वाटेल. आमचे मत वेगळे आहे. जेथे कष्ट फार, तेथील लोकांनी हसण्याची व्यवस्थाही मोठ्या निगुतीने लावून ठेवलेली असते, आणि ती मोडली म्हणजे काय हरवते, हेही तेथेच स्पष्ट दिसते.

गोदाकाठचे भारूड

गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या वरच्या अंगाला पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे संत एकनाथ (१५३३–१५९९) राहत होते. आजच्या बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबाजोगाईत, त्यांचे समकालीन दासोपंत (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर अध्यात्म लिहून काढीत होते. ही 'पासोडी' मराठी वाङ्मयातील एक नवल म्हणून प्रसिद्ध आहे. एकनाथांनीही जड ग्रंथ लिहिले, परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी भारुडाचा मार्ग धरला. त्यांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडे सांगितली जातात. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा, सासरला कंटाळलेली सून अशी गावात रोज दिसणारी माणसे त्यांनी बोलकी केली.

विंचवाचे भारूड सर्वांच्या परिचयाचे आहे. विंचू चावल्याचा आकांत करीत एक जण लोकांपुढे येतो. त्याचे तळमळणे, उड्या मारणे पाहून मंडळी हसू लागतात. मग हळूच कळते, की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा आहे. बारकाईने पाहिले तर ही रोगाची व उपचाराचीच कथा आहे. उपदेश हे औषध, आणि हसू हा त्याचा पहिला घोट. सोंग घेतलेला माणूस स्वतः हास्यास्पद होतो, ऐकणाऱ्याला हास्यास्पद करीत नाही, हा त्यातील मोठा गुण आहे.

भारूड वाचावे लागत नाही. ज्याची नजर अधू झाली त्याला ते ऐकू येते, ज्याला कमी ऐकू येते त्याला सोंग दिसते. आजोबा आणि नातू यांना एकाच क्षणी हसवील असा दुसरा कोणता वाङ्मयप्रकार आपल्याकडे आहे? फाल्गुनात, होळीनंतर सहाव्या दिवशी, पैठणला नाथषष्ठीचा उत्सव भरतो आणि बीड भागातूनही दिंड्या तिकडे जातात. गावोगावच्या जत्रांत भारुडे होत आली. पोलिसाचे किंवा सावकाराचे सोंग घेऊन दारी येणारा बहुरूपी हाही याच परंपरेतला. तो आला की म्हातारे ओट्यावर येऊन बसत, कारण त्याची थट्टा घरातील मोठ्या माणसालाच उद्देशून असे.

हसावे की हसू नये?

विनोदाला सर्वांनीच मान दिला असे नाही. बीडच्या उत्तरेला, गोदावरीपलीकडे, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे समर्थ रामदासांचा (१६०८–१६८१) जन्म झाला. 'दासबोधा'त त्यांनी विनोदाची आवड टवाळ माणसांच्या पदरी टाकली आहे. रिकामटेकड्या कुचेष्टेला त्यांचा विरोध होता असे म्हटले, तर तो गैर ठरत नाही.

ख्रिस्ती परंपरेतही हाच वाद चालला. चौथ्या शतकातील संत योहान क्रिसोस्तम यांना हसण्याखिदळण्याचे वावडे होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तराजू समतोल केला. मनाला विसावा देणारा माफक विनोद त्यांनी सद्गुणांत मोजला, आणि जो स्वतः कधी विनोद करीत नाही व दुसऱ्यालाही करू देत नाही, त्याचे वर्तन त्यांनी सदोष ठरवले. जर्मन भाषेच्या प्रदेशात ईस्टरच्या उपदेशात धर्मगुरू गमतीच्या गोष्टी सांगून लोकांना हसवीत असत. तो प्रकार पुढे इतका पातळी सोडून गेला, की १५१८ साली एकोलाम्पाडियस या विद्वानाने त्यावर लेखी टीका केली. हास्याला मर्यादा लागते, हे पैठण-जांबच्या परिसरात जसे जाणवले तसेच युरोपातही जाणवले.

ज्या काळात पैठणला एकनाथ भारुडे रचीत होते, त्याच काळात रोममध्ये संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) लोकांना हसवीत होते. लोक आपल्याला फार मोठा संत समजू लागले, की ते अर्धीच दाढी काढून रस्त्यातून फिरत. थट्टा स्वतःची करायची, दुसऱ्याची नाही, हे त्यांचे व्रत होते. ते जवळजवळ ऐंशी वर्षे जगले आणि अखेरपर्यंत तरुण मंडळी त्यांच्या खोलीत गर्दी करीत. नाथ आणि फिलिप यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण हास्याने माणूस जवळ आणावा आणि मग त्याला देवाची वाट दाखवावी, ही दोघांची रीत एकच होती.

विड्याचे जावई

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात विडा नावाचे गाव आहे. धुळवडीच्या दिवशी तेथे गावच्या जावयाला गाढवावर बसवून, रंग फासून, वाजतगाजत मिरवतात. ऐंशीहून अधिक वर्षे ही प्रथा चालू आहे. गावातील प्रतिष्ठित गृहस्थ आनंदराव देशमुख यांचे जावई रंग खेळायला नकार देऊ लागले, तेव्हा त्यांनी हा उपाय काढला, असे गावकरी सांगतात. सणाच्या काही दिवस आधीपासून कोणता जावई हाती लागेल याचा शोध सुरू होतो. सापडलेला जावई निसटू नये म्हणून त्याच्यावर पहारा असतो. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते आणि तेथे जावईबापूंना नव्या कपड्यांचा आहेर होतो.

शहरी वाचकाला हा केवळ आडदांडपणा वाटेल. आम्हांला त्यात एक सामाजिक शहाणपण दिसते. आपल्या समाजात जावई हा मानाचा धनी. वर्षभर ज्याच्यापुढे सासरच्यांनी वाकायचे, त्यालाच एक दिवस सर्वांनी मिळून खाली ओढायचे आणि शेवटी आहेर देऊन पुन्हा उभे करायचे. येथे दुबळ्याची थट्टा नाही, मानकऱ्याची आहे. तिचा शेवट अपमानात होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पन्नास वर्षांपूर्वी जे गाढवावर बसले, ते आज आजोबा झाले असतील. स्वतःच्या फजितीची हकिकत नातवंडांना हसत हसत सांगता येणे, ही म्हातारपणाची केवढी मोठी ठेव आहे! जो माणूस स्वतःवर हसू शकतो, त्याला दात पडल्याचे किंवा नावे विसरल्याचे दुःख तेवढे बोचत नाही.

लक्ष्मीबाईंचे उतारवयातील लेणे

आष्टी तालुक्याला लागूनच अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, जिल्हा आहे. त्या नगरशी निगडित असलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे नाव मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगायला नको. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य पाहिले, अपत्यांचे मृत्यू पाहिले, प्लेगचे दिवस पाहिले आणि १९१९ साली वैधव्य पाहिले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. रूढ अर्थाने फारसे शिक्षण न झालेल्या या वृद्धेने मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले, आणि त्याचे पान न् पान हसरे आहे. टिळकांचा विसराळूपणा, हाती पैसा न टिकण्याची त्यांची सवय, स्वतःचे सोवळे-ओवळे, स्वतःची फजिती, कशालाही त्यांनी सोडले नाही.

हे हसू दुःख नाकारणारे नाही. दुःखाची हकिकत त्यातही आहे, आणि ती वाचताना डोळे भरून येतात. परंतु लक्ष्मीबाई आपली कहाणी कुणाला तरी समोर बसवून सांगत असल्यासारखी लिहितात. वाचकालाच त्यांनी सोबत केले. साराच्या पहिल्या हसण्याचे दुसऱ्या हसण्यात रूपांतर कसे होते, त्याचे याहून चांगले मराठी उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

पुढच्या काळात मराठवाड्याने आणखी एक हसवणारा माणूस दिला. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकटेच बावन्न माणसे उभी करीत. २००९ साली त्यांचे निधन झाले. आपल्या बोलीला हसले जाते म्हणून खेड्यातील माणूस शहरात तोंड उघडत नसे. देशपांडे यांनी तीच बोली रंगमंचावर आणली आणि तिच्यासह सर्वांना हसायला लावले. खेड्यातील म्हाताऱ्याला आपलेच बोलणे तिथे भेटले.

वैद्यकशास्त्र काय म्हणते?

अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ साली मणक्याचा दुर्धर विकार झाला. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोटभर हसल्यावर आपल्याला दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ती एका रुग्णाची कथा होती, तिला पुरावा म्हणता येत नाही. पण तिने अनेक संशोधकांना कामाला लावले. हसताना श्वास खोल होतो, छातीपोटाच्या स्नायूंना व्यायाम घडतो, हृदयाची गती थोडा वेळ वाढते आणि नंतर शरीर सैल पडते. हे सर्वमान्य आहे. हर्नियाच्या रुग्णांनी व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र जोराने हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीने दुसरे काही शोध अधिक मोलाचे आहेत. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी निरीक्षणांती दाखवले, की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो, आणि बहुतेक हसू विनोदावर नव्हे तर साध्यासुध्या बोलण्यावर उमटते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सोबतीने हसलेल्या माणसांची वेदना सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली.

अतिशयोक्ती मात्र करू नये. नॉर्वेमधील पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या सात वर्षांच्या पाहणीत विनोदबुद्धी असलेल्यांचे मृत्युप्रमाण कमी दिसले. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार तो लाभ पासष्टीपर्यंतच होता, पुढे तो मावळला. ऑस्ट्रेलियात सिडनी परिसरातील ३५ वृद्धाश्रमांत विदूषक व कर्मचारी यांनी मिळून ज्येष्ठांना हसवण्याचा उपक्रम केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात वृद्धांचे औदासीन्य कमी झालेले दिसले नाही, पण त्यांची अस्वस्थता व चिडचिड कमी झाली. सारांश, हसण्याने म्हातारपण लांबते असे म्हणता येत नाही. ते सुसह्य होते, एवढे म्हणता येते. ज्याला रात्रभर पाय दुखतात, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईच्या हास्यक्लबाचा इतिहासही हेच सांगतो. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतील एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी तेथे विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, बोचरे व अश्लील सुरू झाले, आणि मंडळी नाराज झाली. मग विनोदाशिवायच, एकमेकांकडे पाहत, व्यायाम म्हणून हसायचे ठरले. क्लब टिकला आणि जगभर पसरला. विनोद संपला तरी हसू संपले नाही, कारण समोर माणूस होता.

आजचा बीड जिल्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज आदी तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. एक जोडपे म्हणजे एक कोयता, असा तेथला हिशेब. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे अशी जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहतात ते वृद्ध, आणि पुष्कळदा त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. पाणी भरणे, भाकरी थापणे, शेरडे राखणे हे सारे थकल्या हातांवर येते. ज्या ओट्यावर बहुरूप्याला पाहून हशा पिके, तो पाच-सहा महिने रिकामा असतो.

या दिवसांत वस्त्यांवर गेलो असता आम्हांला एक गोष्ट नेहमी जाणवते. गुडघे, दमा, डोळे यांची गाऱ्हाणी होतातच; पण गोळीआधी मागणी येते ती "बसा की फादर, घटकाभर" अशी. एकदा एका आजीबाईंनी आपल्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीचे बैल उधळल्याची कथा सुरू केली. शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, "बैल नव्हते उधळले, तुझा मामाच पेंगला होता!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना पाहून काही न कळता नातूही हसू लागला. उठताना आजींचे गुडघे पूर्वीइतकेच दुखत होते. परंतु आम्ही निघालो तेव्हा त्या दोघी बोलतच होत्या.

श्रीसभेने २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठ यांच्यासाठी राखला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुलैत आमच्याकडे मुले-सुना गावातच असतात. आमच्या ज्येष्ठांना सोबत हवी ती कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, आणि विशेषतः नाताळात, जेव्हा लेकरे कारखान्याच्या तळावर खोपीत असतात. म्हणून औरंगाबाद धर्मप्रांतातील आणि इतरत्रच्याही धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे. रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास ज्येष्ठांना चहासह एकत्र बसवा. ज्यांना चालवत नाही त्यांना आणण्याची जबाबदारी तरुणांनी घ्यावी. त्यांचे उखाणे, म्हणी, लग्नांच्या व जत्रांच्या हकिकती लिहून घ्याव्यात. जवळपास भारूड सादर करणारा कलावंत असेल तर त्याला मानाने बोलवावे. नाताळात एखादी संध्याकाळ अशा घरात काढावी जेथे एकटा म्हातारा जीव आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

एक पथ्य मात्र पाळावे. बहिरेपणा, विसरणे, थरथरणारा हात यांची थट्टा करू नये. म्हाताऱ्याने स्वतःवर हसावे, तो त्याचा अधिकार आहे. आपण त्याच्याबरोबर हसावे, त्याला हसू नये. १४ जून २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांचे स्वागत करताना पोप फ्रान्सिस यांनीही सांगितले होते, की आपल्या प्रियजनांची थट्टा करावी तसे देवाजवळही हसता येते, मात्र कुणाची श्रद्धा दुखवू नये. तेव्हा ते सत्याऐंशी वर्षांचे होते आणि चाकांच्या खुर्चीतून वावरत होते.

साराचे पहिले हसू दाराआड विरले, दुसऱ्यात सारा शेजार सामील झाला. आपल्या वस्तीतील कोणते दार गेले कित्येक दिवस आतून लोटलेले आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. ऊसतोडीचा हंगाम पालटणे आपल्या हाती नाही. त्या दारावर जाऊन टकटक करणे मात्र आहे.